मॉइश्चर मीटर, ठिबकची नळी आणि दहावीचं विज्ञान

दिवाळी सरली की जामनेर तालुक्यात कापसाच्या गाड्या रस्त्याला लागतात. पहूर हे जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव, त्यामुळे ट्रॅक्टर, पिकअप, छोटा हत्ती असं सगळंच तिथून जाताना दिसतं. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कपास निगमच्या खरेदी केंद्रावर गाडीचा नंबर आला की ग्रेडर हातात एक छोटं यंत्र घेऊन येतो. त्याचं टोक कापसात खुपसतो, बटण दाबतो, आकडा वाचतो. ओलावा 8 टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण हमीभाव. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात, आणि 12 च्या वर आकडा गेला की गाडी परत. जूनमध्ये लावलेल्या पऱ्हाटीचा हिशोब अर्ध्या मिनिटात संपतो.

यंत्र काय करतं ते नववीच्या पुस्तकात आहे. कोरडा कापूस विजेला जवळजवळ वाट देतच नाही. त्यात पाणी आणि पाण्यात विरघळलेले क्षार आले की थोडी वाट मिळते, आणि ओलावा वाढत जाईल तसा विद्युतरोध झपाट्यानं उतरतो. मीटरच्या टोकाला दोन धातूचे इलेक्ट्रोड असतात. त्यांच्यामध्ये बारीकसा विद्युतदाब लावून किती धारा वाहते ते यंत्र मोजतं आणि आधी घालून दिलेल्या कोष्टकावरून तिचं टक्क्यांत रूपांतर करतं. म्हणजे खरेदी केंद्रावर मोजला जातो तो रोध, पाणी नव्हे. पाणी हा त्यावरून काढलेला अंदाज.

हे एकदा कळलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. कापूस दाबून भरलेला असेल तर इलेक्ट्रोडला जास्त तंतू टेकतील. मग आकडा वाढेल का? वाढतो. गाडीच्या तळातला, रात्रीच्या दवात भिजलेला माल आणि वरचा उन्हात तापलेला माल एकच आकडा दाखवतील का? नाही. मग नमुना कुठून घ्यायचा, किती ठिकाणी टोक खुपसायचं, आणि आलेल्या पाच आकड्यांचं काय करायचं? ट्रॅक्टरवर बापाशेजारी बसलेल्या दहावीच्या पोराने ओहमचा नियम लिहून तीन गुण मिळवलेले असतात. त्याच नियमाने समोर त्याच्या घरच्या कापसाचा भाव ठरतोय हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आणखी एक हिशोब करून बघण्यासारखा आहे. 12 टक्के ओलाव्याच्या 100 किलो कापसात 12 किलो पाणी आणि 88 किलो कोरडा माल. हाच कापूस अंगणात पसरून 8 टक्क्यांवर आणला तर कोरडा माल तेवढाच राहतो, पण आता तो एकूण वजनाच्या 92 टक्के असतो. 88 ला 0.92 ने भागलं की 95.65 किलो. वजन सव्वाचार किलोहून जास्त उतरलं आणि भावातली चार टक्के कपात वाचली. फायदा जवळपास शून्य! पण 13 टक्क्यांचा कापूस 12 च्या आत आणला तर गाडी परत जात नाही, म्हणजे तिथे वाळवण्याचा सगळा फायदा आहे. यासाठी लागतं ते सातवीचं शेकडेवारीचं गणित आणि द्रव्य नाहीसं होत नाही एवढी पक्की समज. शाळेत ओव्हन आणि बरा तराजू असेल तर 100 ग्रॅम कापूस 105 अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत तापवून मीटरचा आकडा ताडूनही बघता येतो.

दहावीपर्यंत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र नेमकं कोणासाठी शिकवायचं, हा वाद जुना आहे. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सगळ्यांना सक्तीचं करावं असं सांगितलं. महाराष्ट्रात दहावीच्या नव्या आकृतिबंधाची पहिली परीक्षा 1975 साली झाली. त्याआधी अकरावीची मॅट्रिक होती. विज्ञान सगळ्यांना आलं तेव्हाच खरं तर अभ्यासक्रमाचा पायाही बदलायला हवा होता. कारण आता वर्गात दोन प्रकारची मुलं बसणार होती: पुढे अकरावी सायन्सला जाणारी, आणि ज्यांच्या आयुष्यातला विज्ञानाचा हा शेवटचा तास आहे अशी. पुस्तकं मात्र पहिल्या गटाकडे बघूनच लिहिली जात राहिली.

बालभारतीचं 2018 पासूनचं दहावीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 उघडलं तर त्यात गुरुत्वाकर्षण आहे, आवर्त सारणी आहे, रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, अपवर्तन, भिंगं, धातुविज्ञान, कार्बनी संयुगं आणि शेवटी अवकाश मोहिमा. यादी वाईट नाही. मांडणीही पूर्वीच्या पुस्तकांपेक्षा बरी आहे, चित्रं रंगीत आहेत. लेखी परीक्षेत या भागाला 40 गुण, भाग 2 ला 40 आणि प्रात्यक्षिकाला 20. अडचण ही की पृथ्वीवरून सुटायला सेकंदाला 11.2 किलोमीटर वेग लागतो हे मुलाला पाठ असतं, पण गावच्या बोअरवरची मोटर सेकंदाला किती पाणी देते हे मोजायचं कसं, ते त्याने कधी केलेलं नसतं. 2024 साली राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात आणखी एक वाट सुचवली गेली: गणित किंवा विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावं, मात्र हे विषय त्याला पुढे घेता येऊ नयेत. नापासाचा शिक्का टळेल हे खरं. पण वीस गुणांत नेमकं काय आलं पाहिजे, याची चर्चा त्या निमित्ताने व्हायला हवी होती, ती फारशी झाली नाही.

खानदेशाला या प्रश्नाची सवय तशी फार जुनी. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात 1207 सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान लावून दिलं. लेख संस्कृतात सुरू होतो आणि दानाच्या तपशिलाशी आला की मराठीत उतरतो. शिकवायचं काय हे ठरलेलं, सिद्धांतशिरोमणी आणि भास्कराचार्यांचे इतर ग्रंथ. आणि खर्च कुठून यायचा हेही ठरलेलं, अगदी घाण्याच्या तेलातल्या वाट्यासकट. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख अभ्यासकांपुढे आणला. अभ्यासक्रम आणि त्याची आर्थिक तरतूद एकाच दगडावर कोरायची ही पद्धत पुढे कुठे हरवली कोण जाणे.

विसाव्या शतकात याच जळगाव जिल्ह्यात एक महत्त्वाचा प्रयोग झाला. 1974 साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग म्हणून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. त्याचे पहिले संचालक प्रा. व्ही. जी. कुलकर्णी हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. महानगराबाहेरच्या शाळांत विज्ञान कसं सुधारता येईल हे बघण्यासाठी केंद्राने आपल्या सुरुवातीच्या काळात निवडलेलं ठिकाण म्हणजे रावेर तालुक्यातलं खिरोदा, सातपुड्याच्या पायथ्याचं, शिक्षणसंस्थांसाठी नावाजलेलं गाव. शिक्षकांशी बसून पाठ घडवणं, हाताशी मिळेल त्या साहित्यातून प्रयोग उभे करणं, आणि मुलं नेमकी कुठे अडतात हे शोधणं असं त्याचं स्वरूप होतं. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात आणखी एक गोष्ट दाखवून दिली: आशय तोच ठेवून पुस्तकाची भाषा सोपी केली तर मुलांची कामगिरी सुधारते. मुलं विज्ञानात कच्ची म्हणून जे मोजलं जात होतं, त्यातला बराचसा कच्चेपणा वाक्यांच्या रचनेत होता.

भुसावळहून उत्तरेच्या गाडीत बसलं की इटारसीच्या पुढे होशंगाबाद, म्हणजे आताचं नर्मदापुरम, लागतं. तिथे त्याआधीच, 1972 साली, 16 सरकारी शाळांत होशंगाबाद विज्ञान सुरू झालं होतं. व्याख्या पाठ करणं बंद. मुलांनी गटात प्रयोग करायचे, आपली निरीक्षणं लिहायची, त्यावर भांडायचं. परीक्षेला पुस्तक उघडं आणि वेगळी प्रयोगाची परीक्षा. पुढे तो उपक्रम शेकडो शाळांत पोचला, 1982 पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला, आणि 2002 साली मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. बंद का झाला याची कारणं राजकीयही होती आणि पालकांची बोर्डाच्या निकालाची धास्तीही होती. पण तीस वर्षं सरकारी शाळेत, सरकारी पगारावरच्या शिक्षकांनी ते चालवलं, ही गोष्ट कागदावर नाही, प्रत्यक्षात घडलेली आहे. त्यामुळे ‘आपल्याकडे हे जमणार नाही’ असं म्हणायची सोय उरत नाही.

तर पहूरच्या शाळेतल्या मुलीला दहावी संपेपर्यंत काय आलं पाहिजे?

सुरुवात विजेपासून करावी, कारण जीव तिथे जातो. पुस्तकात फ्यूज आहे, अर्थिंग आहे, मोटरचं चित्रही आहे. पण ती मोटर दोन चुंबकांमध्ये फिरणाऱ्या एका वेटोळ्याची. विहिरीतली पाणबुडी मोटर तीन फेजची असते, तिला ब्रश नसतात. उन्हाळ्यात सगळे पंप एकदम सुरू झाले की डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, दाब उतरतो. पाच हॉर्सपॉवरची मोटर 415 व्होल्टला साधारण साडेसात अँपिअर ओढते. दाब 330 वर आला तरी तिला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून ती साडेनऊ अँपिअरच्या आसपास ओढू लागते. वेटोळ्यातली उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साडेनऊ भागिले साडेसात, त्याचा वर्ग, म्हणजे दीडपटीहून जास्त. एक फेज गेला तर आणखी वाईट. उरलेल्या दोन फेजवर मोटर घरघरत राहते आणि जळते. रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागते तेव्हा ‘लाईट बेकार आहे’ एवढंच म्हटलं जातं. यातला वर्ग कुठून येतो हे ज्या मुलीला कळलंय, ती स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले कितीवर लावलाय हे जाऊन बघेल, आणि किटकॅटमध्ये फ्यूजऐवजी जाड तार अडकवलेली दिसली तर काढायला लावेल.

आणखी एक गोष्ट, जी मोठ्यांनाही माहीत नसते. घरातला एमसीबी माणसाला वाचवण्यासाठी नसतो, तो तारेला वाचवतो. तो सहा, दहा, सोळा अँपिअरला पडतो. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. 230 व्होल्टला हजारने भागा: 0.23 अँपिअर. हृदयाची लय बिघडायला याच्या निम्मी धारासुद्धा पुरते, आणि एमसीबीला तिचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी वेगळा लागतो, जो 30 मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो. गुणाकार-भागाकार इतका सोपा आहे की तो सातवीतही शिकवता येईल. हिटर, कूलर, गोठ्यातला दिवा, मोटरचा उघडा स्टार्टर अशी यादी मुलांनी आपल्या घरी जाऊन करावी आणि प्रत्येकाच्या मागे आरसीसीबी आहे का ते लिहावं. हा प्रकल्प कुठल्याही थर्माकोलच्या ज्वालामुखीपेक्षा बरा.

कार्य आणि ऊर्जा हा धडा विहिरीवर घ्यावा. एक लिटर पाणी एक मीटर उचलायला 9.8 ज्यूल. 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फुटांवरून उचलायला 588. पाच हॉर्सपॉवर म्हणजे 3,730 वॅट. काहीच वाया गेलं नाही तर सेकंदाला सहा लिटरच्या वर पाणी यायला हवं आणि 200 लिटरचा ड्रम 32 सेकंदांत भरायला हवा. आता ड्रम पाईपाखाली ठेवायचा आणि मोबाइलचं घड्याळ लावायचं. समजा 70 सेकंद लागले. मग पाण्यात गेलेली शक्ती झाली 1,680 वॅट, म्हणजे 45 टक्के. उरलेली पंपाच्या पंख्यात, पाईपाच्या घर्षणात गेली. पाण्याची पातळी मुलांनी चुकीची धरली असेल, ड्रम काठोकाठ 200 लिटरचा नसेल, हेही तिथेच बोलायचं. ‘दोन इंची पाणी आहे’ असं जे गावात म्हणतात, ते पाईपाचं माप आहे, पाण्याचं नाही, हे त्या दिवशी कोणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सौरपंप आता बांधोबांधी दिसतात. त्यांच्याबद्दल एक गैरसमज पक्का आहे: ऊन जास्त तर वीज जास्त. पॅनलवर छापलेले वॅट 25 अंश तापमानाला मोजलेले असतात. पॅनल तापलं की उत्पादन दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने घटतं. खानदेशात मे महिन्यात हवाच 45 अंशांवर जाते, काळं पॅनल 65 च्या घरात असतं. चाळीस अंशांचा फरक, म्हणजे सोळा टक्के घट. स्वच्छ आकाशाच्या थंड दिवशी दुपारी तेच पॅनल जास्त देऊ शकतं. उष्णतेच्या धड्यात बर्फ आणि उकळतं पाणी असतंच. हेही असायला हरकत नाही.

ठिबक सिंचन पहूरच्या मुलांना कोणी दाखवावं लागत नाही. ज्यांनी ते जळगावातून देशभर नेलं ते भवरलाल जैन याच तालुक्यातले, पहूरहून अजिंठ्याकडे जाताना लागणाऱ्या वाकोदचे. जन्म 1937, निधन 2016. शेतात पसरलेली ती काळी नळी म्हणजे दाबाचा अख्खा धडा आहे. ड्रिपरवर ताशी 4 लिटर लिहिलेलं असतं, ते साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला. एवढा दाब पाण्याच्या दहा मीटर उंचीने मिळतो. घराच्या गच्चीवरची, चार मीटरवरची टाकी जोडली तर 0.4. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे चालतो, म्हणून पाणी 40 टक्क्यांवर न येता 63 टक्क्यांवर, ताशी अडीच लिटरवर येतं. वर्गमूळ कशाला शिकायचं असं विचारणाऱ्या मुलाला शेताच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक ग्लास ठेवायला सांगावा.

त्याच नळीत रसायनशास्त्रही आहे, आणि ते जरा धोक्याचं आहे. बोअरचं पाणी जड असलं की ड्रिपरच्या तोंडाशी कॅल्शिअम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. तो काढायला नळीतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात; थर विरघळतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. नववीच्या आम्ल-आम्लारीच्या धड्यातली हीच ती अभिक्रिया. शेवाळ झालं तर मात्र आम्ल चालत नाही, ब्लीचिंग पावडरचं पाणी सोडतात. आणि ही दोन कामं एकाच दिवशी, एकाच बादलीत कोणी उरकायला गेलं तर क्लोरीन वायू निघतो, जो पहिल्या महायुद्धात 1915 साली ईप्रच्या खंदकांत शस्त्र म्हणून वापरला गेला. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. आम्ल आणि ब्लीचिंग कधीही एकत्र आणायचं नाही. ही दोन वाक्यं दहावीच्या परीक्षेत दरवर्षी सक्तीने विचारली तरी चालेल.

खताच्या गोणीवरचे आकडे हा त्यामानाने सुखाचा भाग. युरियाचा रेणुभार 60, त्यात नायट्रोजनचे दोन अणू, म्हणजे 28. भागाकार केला की 46.7 टक्के, गोणीवर 46 छापलेलं असतं. 45 किलोच्या गोणीत पीक खाईल असा नायट्रोजन एकवीस किलोही नाही. डीएपीच्या गोणीवरचं 18:46 मात्र फसवं आहे. तिथला 46 हा फॉस्फरसचा आकडा नाही, फॉस्फरस पेंटॉक्साइडचा आहे. शुद्ध फॉस्फरस धरला तर वीस टक्केच भरतो. रेणुभार काढता येणाऱ्या कुठल्याही मुलाला हे पाच मिनिटांत पडताळता येतं, आणि दुकानदाराने गोणीमागे काय गळ्यात मारलं याचाही हिशोब मांडता येतो.

अजिंठ्याची सहल दरवर्षी निघते. बुद्धाची चित्रं, 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला दिसलेली लेणी, एवढं ऐकून मुलं माकडांमागे लागतात. तिथला लाल आणि पिवळा रंग म्हणजे लोहाची ऑक्साइडं, गंजाचीच भावंडं. पांढरा चुन्याचा, काळा काजळीचा, आणि निळा थेट अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा. खनिज रंग उन्हापाण्याशिवाय दीड हजार वर्षं टिकले. बिघाड झाला तो माणसाच्या रसायनाने: 1920 च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी चित्रं वाचवण्यासाठी लाखेचं व्हर्निश लावलं, आणि पुढे तेच पिवळं पडून काळवंडलं. ते काढताना खालचा रंग निघू नये यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना फार जपून काम करावं लागलं. कोणता पदार्थ कशात विरघळतो आणि कशात नाही, या चार ओळींच्या मुद्द्याला याहून मोठं उदाहरण पुस्तकात छापायला मिळणार नाही. तरीही अजिंठा इतिहासाच्याच पुस्तकात राहतो.

आता सगळ्यात स्वस्त प्रयोग. त्याला एक काठी लागते आणि दुसऱ्या गावातली एक शाळा.

पहूर सुमारे 20.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या 24 तारखेच्या आसपास दुपारी बारा वाजून चोवीस मिनिटांनी तिथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याच मिनिटाला सोलापुरात एक मीटर काठीची सावली सुमारे सव्वापाच सेंटिमीटर असते, तीही दक्षिणेकडे पडलेली, जे दुपारच्या सावलीच्या बाबतीत एरवी बघायला मिळत नाही. पहूर आणि सोलापूर जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, दोन्ही गावांची दुपार मिनिटभराच्या फरकाने होते. दोघांतलं सरळ अंतर नकाशावर मोजलं तर 335 किलोमीटरच्या आसपास. कोन तीन अंश. 360 मध्ये तीन अंश 120 वेळा बसतात; 335 गुणिले 120 म्हणजे 40,200 किलोमीटर, पृथ्वीचा परीघ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने अलेक्झांड्रिया आणि सायीन यांच्यामध्ये हेच केलं होतं.

शाळेची पंचाईत ही की 24 मेला सुटी असते. शून्य सावलीचा दुसरा दिवस जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, तेव्हा ढग असतात. पण सूर्य डोक्यावरच असला पाहिजे असं काही नाही. दोन्ही गावांतल्या मध्यान्हीच्या कोनांतला फरक वर्षभर तीन अंशच राहतो. म्हणून 26 जानेवारी घ्यावी. मुलं झेंडावंदनाला आलेली असतात, आकाश बहुधा निरभ्र असतं. त्या दिवशी मध्यान्ह बारा चाळीसच्या सुमारास होते. एक मीटर काठीची सर्वांत आखूड सावली पहूरला सुमारे 82 सेंटिमीटर भरेल, सोलापूरला 74.

फरक आठ सेंटिमीटरचा. कोणी एका सेंटिमीटरने चुकलं तर कोन अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याने हलतो, आणि परीघ 36,000 किंवा 45,000 येतो. इथे मुलांना मोजमापातली चूक पहिल्यांदा अंगाला लागते. उपाय त्यांनाच शोधू द्यावा. तीन मीटरचा बांबू घेतला तर दोन गावांतला फरक पंचवीस सेंटिमीटर होतो आणि एका सेंटिमीटरची चूक चार टक्क्यांवर येते. पण बांबू अंशभर कलला तर उत्तराचा पाचवा हिस्सा गेला, म्हणून गवंड्याकडून ओळंबा आणायचा. आणि मैदान सपाट आहे का हे त्याच्याचकडच्या पाणी भरलेल्या लेव्हल नळीने तपासायचं. एवढं करून सावलीचं टोक नेमकं कुठे संपतं यावर भांडण होणारच, कारण सूर्य हा बिंदू नाही, आकाशात अर्धा अंश रुंद आहे, आणि तीन मीटर उंचीवरच्या टोकाची सावली जमिनीवर चार-पाच सेंटिमीटर पुसट होते. त्यासाठी बांबूच्या टोकावर पुठ्ठा बसवून त्याला बोटभर रुंद भोक पाडायचं. जमिनीवर सूर्याचा कवडसा पडतो. त्याच्या मध्यावर खूण करायची आणि उंची मोजताना बांबूची नव्हे, भोकाची मोजायची.